मार्कंड्याच्या मूर्ती कोणत्या रकान्यात लिहायच्या?

गडचिरोली जिल्ह्यातल्या मार्कंड्याच्या मुख्य मंदिराच्या बाहेरच्या भिंतींवर 409 मानवी मूर्ती आहेत. हा आकडा पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅमचा, 1873-74 च्या दौऱ्यातला. खालच्या तीन रांगांत प्रत्येकी 45, वर हंसांची आणि माकडांची पट्टी, त्यावर पुन्हा माणसांच्या चार रांगा. कनिंगहॅमची ही मोजदाद आजही पुस्तकांतून आणि माहितीफलकांतून फिरते. त्या 409 मूर्तींची आजची स्थिती काय, कुणाचं नाक झिजलं, कुणाचा हात गेला, कुठला दगड किती सरकला, हे मिलिमीटरमध्ये सांगता येण्याजोगं तंत्र आता आपल्या हाती आहे. ते वापरायला माणूस लागतो, आणि त्या माणसाला नोकरीत जागा लागते. माझं म्हणणं आहे ते या जागेबद्दल.

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात कम्प्युटर सायन्स शिकवते. माहेर चामोर्शीकडचं, त्यामुळे महाशिवरात्रीची मार्कंड्याची जत्रा लहानपणापासून ओळखीची. वर्गात डेटा स्ट्रक्चर्स शिकवते, आणि संशोधन करते ते दगडांवर.

हे काम कसं चालतं ते सांगते. ऊन चढण्याआधी पोचावं लागतं. थेट उन्हात मूर्तीच्या काखेत, मांड्यांच्या मध्ये काळी सावली बसते आणि तिथला आकार संगणकाला कळत नाही. ढगाळ दिवस सर्वांत चांगला, पण दगड ओला नको, चमकतो. मूर्तीशेजारी मोजपट्टी ठेवायची आणि कॅमेरा थोडा थोडा सरकवत फोटो घ्यायचे. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा निम्म्याहून बराच अधिक भाग पुन्हा आला पाहिजे. स्टँड लावायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी काढायची. एक विद्यार्थी पांढरा थर्मोकोल धरून सावलीत उजेड टाकतो. मग लॅबमधल्या मशीनवर रात्रभर गणित चालतं. दोन फोटोंतला समान बिंदू शोधायचा, त्यावरून कॅमेरा कुठे होता ते काढायचं, आणि त्यावरून दगडाचा पृष्ठभाग उभा करायचा. सकाळी पडद्यावर मूर्ती फिरवून बघता येते. एका नर्तकीच्या कमरेखाली छिन्नीचे तिरके घाव दिसले, जे तिच्यासमोर उभं राहून मला कधी दिसले नव्हते. कोपऱ्यातली ती जागा घासून गुळगुळीत करायची राहून गेली होती. त्या पाथरवटाचा हात कसा चालत होता, ते त्या घावांवरून ओळखता येतं.

वीज पडून मार्कंड्याचं शिखर ढासळलं आणि पुढे गोंड राजाने डागडुजी केली, असं जुने गॅझेटियर सांगतात. आपल्या काळात वरचा भाग उतरवून पुन्हा रचायचं काम निघालं आणि तेही बराच काळ रेंगाळलं. उतरवलेला दगड नेमका कुठला, हे ठरवायला आकारांची जुळणी करणारा संगणक किती कामाचा, याचं उदाहरण रोमचं आहे. संगमरवरावर कोरलेल्या प्राचीन रोमच्या नकाशाचे 1,186 तुकडे उरले होते. स्टॅनफर्डच्या संगणकशास्त्रज्ञांनी ते सगळे स्कॅन केले आणि कुठला तुकडा कुठे बसतो हे शोधणारे प्रोग्रॅम लिहिले. पॅरिसच्या नोत्र दामचं लेसर स्कॅनिंग अँड्र्यू टॅलन यांनी केलं, तेव्हा ते वासर नावाच्या लहानशा कॉलेजात कलेतिहास शिकवत होते. 2018 च्या नोव्हेंबरात ते वारले, 2019 च्या एप्रिलमध्ये चर्चला आग लागली, आणि उभारणीच्या वेळी त्यांची मापं हाताशी होती.

केंटकी विद्यापीठातले ब्रेंट सील्स हे तर सरळ संगणकशास्त्राचे प्राध्यापक. इस्रायलमधल्या एन-गेदीची जळून कोळसा झालेली गुंडाळी 1970 मध्ये सापडली होती. ती न उलगडता त्यांनी आतला मजकूर वाचला, 2016 मध्ये प्रसिद्ध केला. व्हेसुव्हियसच्या राखेत गाडल्या गेलेल्या ग्रंथांची अक्षरं 2023 मध्ये वाचता आली, तीही त्यांनी घातलेल्या पायावर. नव्वदच्या दशकात जुन्या हस्तलिखितांपासून त्यांनी सुरुवात केली होती. एवढा काळ एका विद्यापीठाने त्यांना या कामासाठी धरून ठेवलं, ही गोष्ट मला त्यांच्या शोधाइतकीच मोलाची वाटते.

आपल्याकडे शिक्षकांच्या नेमणुकीला आणि बढतीला विद्यापीठ अनुदान आयोगाचे (यूजीसी) 2018 चे नियम आहेत. विज्ञान-अभियांत्रिकीत एका शोधनिबंधाला 8 गुण, पीएच.डी. पूर्ण करून घेतली तर 10, पेटंटलाही गुण. मंदिराच्या मोजमापांचा संच, जो पुढची शंभर वर्षं लोक वापरतील, त्याला रकानाच नाही. शिवाय निबंधाला दोनापेक्षा जास्त लेखक असले की मुख्य लेखकाला 70 टक्के आणि बाकीच्यांना प्रत्येकी 30 टक्के. या कामात पुरातत्त्वज्ञ लागतो, भूशास्त्रज्ञ लागतो, विद्यार्थी लागतात. एकट्याने निबंध लिहिणाराच फायद्यात राहील असा हा हिशेब आहे. बढतीच्या मुलाखतीत मला विचारलं गेलं, ‘हे इतिहासाचं काम, तुमच्या विषयाचं यात काय?’ पुरातत्त्वाच्या एका परिषदेत विचारलं गेलं, ‘तुमची या विषयातली पदवी कुठली?’ दोन्ही प्रश्न विचारणारे सज्जन होते. त्यांच्यासमोरच्या फॉर्मवर वेगळा प्रश्न विचारायची सोयच नव्हती.

महाराष्ट्रात हे काम झालंच नाही असं नाही. पुण्याच्या सी-डॅक या संगणक संस्थेत दिनेश कात्रे यांच्या गटाने संग्रहालयांसाठी ‘जतन’ ही डिजिटल प्रणाली बनवली आणि देशातल्या राष्ट्रीय संग्रहालयांचे संग्रह तिच्यावर आले. पण ती सरकारी प्रयोगशाळा, महाविद्यालयातल्या शिक्षकाला तो रस्ता मोकळा नाही. आणि संग्रहालयात आलेल्या वस्तूंपेक्षा आमच्याकडच्या कितीतरी गोष्टी अजून रानातच आहेत. चिमूर तालुक्यातल्या हिरापूरची महापाषाणी स्मारकं, वैरागडचा किल्ला, भद्रावतीची विजासन लेणी. चंद्रपुरात लालपेठला रायप्पा कोमट्याच्या अवाढव्य अर्धवट मूर्ती उघड्यावर पडून आहेत. गडचिरोलीचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग जंगलाखाली आहे. मध्य अमेरिकेत, बेलीझमधल्या काराकोलला 2009 मध्ये विमानातून लायडार (लेसरने जमीन मोजणारं यंत्र) फिरवलं, तेव्हा दाट जंगलाखालची शेतीची बांधबंदिस्ती दिसली. आमचा साग तर उन्हाळ्यात पानं गाळतो. मोहफुलं वेचायच्या दिवसांत आकाशातून जमीन जितकी दिसेल, तितकी इतर कधीच दिसणार नाही.

मात्र इथे एक अट मी स्वतःहून घालते. भामरागडकडे माडिया गोंड लोक आजही मृतांच्या नावाने शिळा उभ्या करतात. आमच्या गटातली एटापल्लीची एक विद्यार्थिनी घरात गोंडी बोलते. तिने पहिल्याच बैठकीत सांगितलं, ‘मॅडम, त्या जागांचे नकाशे नेटवर टाकायचे नाहीत. आधी गावाला विचारायचं.’ तेव्हापासून ग्रामसभेच्या परवानगीशिवाय आम्ही गावच्या हद्दीत कॅमेरा काढत नाही, आणि जी मापं गावाला ठेवायची असतील ती गावाकडेच ठेवतो. हा शहाणपणा पुण्या-मुंबईहून चार दिवसांसाठी आलेल्या पथकाकडे असेलच असं नाही. म्हणून जागा इथेच हवी.

जानेवारी 2025 मध्ये यूजीसीने नव्या नियमांचा मसुदा काढला, त्यात गुणांची ही मोजणी सोडून उल्लेखनीय योगदान बघावं असं म्हटलं होतं, आणि भारतीय ज्ञानपरंपरेचाही त्यात समावेश होता. माझी मागणी त्याहून नेमकी आहे. तज्ज्ञांनी तपासलेला, कायम जपून ठेवलेला मोजमापांचा संच शोधनिबंधाच्या बरोबरीने धरावा. गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठात पीएच.डी.ला एक मार्गदर्शक संगणकशास्त्राचा आणि एक इतिहासाचा असू द्यावा. आणि एक सहायक प्राध्यापकाची जागा निघावी, जिच्या जाहिरातीत दोन्ही विषयांची पात्रता चालेल असं स्पष्ट लिहिलेलं असेल आणि उन्हाळ्यातलं क्षेत्रकाम अध्यापनाच्या तासांत मोजलं जाईल. एटापल्लीच्या त्या मुलीला हैदराबादच्या एका कंपनीचं बोलावणं आलं आहे. अशी जाहिरात निघाली तर ती आधी इथे अर्ज भरेल, असं तिने मला सांगितलं आहे.