चॅपेल की कर्स्टन? तुमच्या दुकानात कोण चालतं?

मित्रांनो, टीम भारताचीच, खेळाडूही बरेचसे तेच. २००५ मध्ये ग्रेग चॅपेल कोच झाले. मी म्हणेन तसंच, असा खाक्या. गांगुलीबद्दलचा ईमेल फुटला, त्याची कॅप्टनसी गेली, पुढे सचिनलाही ओपनिंगवरून खाली आणलं. २००७ च्या वर्ल्ड कपला पहिल्याच फेरीत घरी!

पण खरं ते खरं. चॅपेलच्याच काळात आपण वनडेत सलग १७ वेळा धावांचा पाठलाग करून जिंकलो. धाकाने काम होतं हो, पण काही दिवसच. मग माणसं गप्प बसायला शिकतात.

२००८ मध्ये गॅरी कर्स्टन आले. नेटमध्ये स्वतः तासन् तास बॉल टाकायचे, सीनियरचं ऐकून घ्यायचे. २ एप्रिल २०११ ला वानखेडेवर पोरांनी त्यांनाही खांद्यावर घेतलं.

आता तुमचं बघा. गिऱ्हाईक का तुटलं, हे आधी काउंटरवरच्या पोराला कळतं. तो तुम्हाला सांगतो का?

माझं मत विचाराल तर हिशोब आणि वेळ यात सूट नकोच, तिथे चॅपेल चालतील. पण जुन्या कारागिरावर रोज डाफरत असाल, तर उद्या तो समोरच्याच गल्लीत दुकान टाकेल. तुमची निम्मी गिऱ्हाइकं त्याला नावाने ओळखतात.