अनुदानाचा अर्ज आणि सीमाभागाचा स्वाभिमान

सरकारी अनुदानासाठी अर्ज करणे म्हणजे सरकारपुढे मान तुकविणे होय, अशी समजूत सीमाभागातील आमच्या कित्येक निष्ठावंत कार्यकर्त्यांच्या मनात घर करून बसलेली आहे. मराठी विद्यार्थ्यांना महाविद्यालयापर्यंत पोहोचविण्यासाठी एखादा पूर्वतयारी वर्ग, एखादे वसतिगृह वा मार्गदर्शन केंद्र काढावे आणि त्याच्या खर्चासाठी शासनाकडे रीतसर मागणी करावी, असा विषय निघाला की बैठकीत कोणी तरी उठतो आणि विचारतो, "ज्या राज्यात आम्हांला राहावयाचेच नाही, त्या राज्याच्या दारात झोळी घेऊन जावयाचे काय?" टाळ्या पडतात, विषय बारगळतो आणि बैठक पुढच्या ठरावाकडे वळते.

या प्रश्नामागची भावना आम्हांस परकी नाही. १७ जानेवारी १९५६ चे बलिदान आणि १९८६ च्या जून महिन्यातील कन्नडसक्तीविरोधी लढ्याचे हुतात्मे ज्यांच्या डोळ्यांसमोर आहेत, त्यांचा हात बेंगळूरच्या छापील नमुन्यावर सही करताना जड व्हावा हे स्वाभाविकच आहे. परंतु त्या जड झालेल्या हाताची किंमत टाळ्या वाजविणारा मोजत नाही. ती मोजतो दहावी उत्तीर्ण होऊन घरी बसलेला मुलगा. आणि त्याच्याहूनही अधिक, "आता पुरे झाले शिक्षण" हे शब्द ऐकलेली त्याची बहीण.

मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला कर्नाटकात दहावीची परीक्षा मराठीतून देता येते. एवढे तरी शिल्लक आहे. पण जून उजाडताच तोच मुलगा पदवीपूर्व महाविद्यालयाच्या बाकावर जाऊन बसतो आणि पदार्थविज्ञान, रसायन, गणित, हिशेबशास्त्र हे सारे विषय इंग्रजीतून एकदम त्याच्या अंगावर कोसळतात. फळ्यावरची सूचना कन्नडमध्ये, पुस्तक इंग्रजीत आणि मनातला विचार मराठीत, अशा त्रिशंकू अवस्थेत त्याची पहिली सहामाही संपते. शाळेत जो हुशार म्हणून ओळखला गेला तो येथे मंद ठरतो. मग तो विज्ञान सोडून कला शाखेकडे वळतो, नाही तर महाविद्यालयच सोडून गोव्याची गाडी धरतो. कला शाखेला आम्ही कमी लेखीत नाही. आमचे स्वतःचे शिक्षण त्याच शाखेतले आहे. पण शाखा आपण होऊन निवडावी, ती माथी मारली जाऊ नये. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडील जांबोटी, कणकुंबी, आमगाव या पट्ट्यातील मुलांचे हाल तर याहून वेगळे. तेथे पावसाळ्याचे चार महिने महाविद्यालय हा प्रथम वाटेचा प्रश्न असतो, भाषेचा नंतर.

तेव्हा दहावी आणि पदवीपूर्व वर्ग यांच्या मध्ये जो ओहोळ आहे, त्यावर साकव घालणे हे आजचे काम आहे. सुटीतील दोन महिन्यांचा इंग्रजी-गणिताचा वर्ग, पहिल्या वर्षभर संध्याकाळची शिकवणी, दूरच्या मुलामुलींसाठी बेळगावात निवास, आणि प्रवेशाची व शिष्यवृत्तीची कागदपत्रे सांगणारा एक जाणता माणूस. हे काम वर्गणीवर चालत नाही. गणेशोत्सवाची वर्गणी दहा दिवस पुरते. वसतिगृहाला रोज दोन वेळा चूल पेटवावी लागते.

आता स्वाभिमानाचा मुद्दा घेऊ. भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद ३० ने भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क दिला, हे आमच्या वक्त्यांना मुखोद्गत आहे. त्याच अनुच्छेदाचा दुसरा खंड मात्र फारसा कोणी वाचीत नाही. शिक्षणसंस्थांना साहाय्य देताना, एखादी संस्था धार्मिक वा भाषिक अल्पसंख्याकांच्या व्यवस्थापनाखाली आहे या कारणास्तव राज्याने तिला वेगळी वागणूक देता कामा नये, असे तो बजावतो. म्हणजे घटनाकारांनी असे गृहीतच धरले होते की अल्पसंख्याकांच्या संस्था सरकारकडे मागणी करतील आणि सरकारला ती इतरांच्या मागणीइतक्याच आदराने विचारात घ्यावी लागेल. जो अर्जच करीत नाही, त्याच्या बाबतीत भेदभाव झाला हे सिद्ध तरी कसे व्हावे? अन्याय दप्तरी नोंदवावयाचा तर प्रथम अर्ज दप्तरी दाखल असावा लागतो.

"आम्ही अल्पसंख्य कोठले? आमच्या गावांत आम्हीच बहुसंख्य आहोत" असे उत्तर यावर मिळेल, आणि ते खरेही आहे. परंतु भाषिक अल्पसंख्याक कोण, हे राज्य हा घटक धरून ठरवावयाचे असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली टी. एम. ए. पै फाउंडेशनच्या खटल्यात दिला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ज्यांनी आम्हांला आमच्या इच्छेविरुद्ध त्या राज्यात घातले, त्यांनीच आम्हांला अल्पसंख्य केले. ते अल्पसंख्यत्व आम्ही मागितले नव्हते. पण त्याबरोबर येणारे घटनात्मक संरक्षणही नाकारण्याइतके उदार होण्याचे कारण नाही.

आणि अर्ज केल्याने सीमाप्रश्नावरील दावा सैल होतो, ही भीती तर निव्वळ निराधार आहे. २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेला दावा महाराष्ट्र राज्याचा आहे. ८६५ गावांवरील हक्काचा तो वाद कोणा विद्यार्थ्याच्या शिष्यवृत्तीच्या अर्जावर अवलंबून नाही. अनुदानित मराठी शाळांतील शिक्षकांचे पगार आजवर कर्नाटकाच्या तिजोरीतूनच होत आले. त्या पगाराने कोणत्या शिक्षकाची मराठी निष्ठा पातळ झाली? ज्यांच्या मनात अद्याप किंतु असेल त्यांनी अर्जासोबतच्या पत्रात "सीमाप्रश्नासंबंधीचे आमचे सर्व हक्क अबाधित राखून" एवढी एक ओळ खुशाल घालावी. मात्र अर्ज मुदतीत घालावा.

बेंगळूरचा पैसा म्हणून जो म्हटला जातो तो आकाशातून पडलेला नाही. बेळगावचा व्यापारी, निपाणीचा तंबाखू पिकविणारा शेतकरी, खानापूरचा वीटभट्टीवाला यांच्या करांची भर त्यात गेली सहा-सात दशके पडत आली आहे. १८५४ च्या वुडच्या खलित्यापासून या देशात खाजगी शिक्षणसंस्थांना सरकारी अनुदान देण्याची पद्धत पडली. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी जे निवेदन केले त्याचा गाभा हाच होता की तिजोरी भरते रयतेच्या कष्टांनी आणि शिक्षणावरचा खर्च मात्र पोहोचतो वरच्या थरांपर्यंत. फुल्यांनी त्या तिजोरीवर बहिष्कार घातला नाही. तिचा हिशेब मागितला. कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी १९०१ पासून जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी करविली, त्यांनाही दरबारची मदत होतीच. ती नसती तर खेड्यातून आलेल्या मुलाने कोल्हापुरात पाठ टेकावयाची कोठे, हा प्रश्न सुटला नसता.

अनुदानाच्या धोक्याचा अनुभवही आपल्याच इतिहासात आहे. १९४८ साली मुंबई सरकारने कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेचे अनुदान बंद केले. सरकारची मर्जी फिरली की हात कसा आखडतो, हे तेव्हा महाराष्ट्राने पाहिले. गाडगेबाबांनी बाळासाहेब खेरांकडे शब्द टाकला आणि पुढे अनुदान पुन्हा सुरू झाले. या प्रसंगातून अनुदान घेऊच नये असा बोध भाऊरावांनी घेतला नाही. त्यांनी एका हाताने अनुदान घेतले आणि दुसऱ्या हाताने "कमवा आणि शिका" योजना, लोकांचे धान्य व मुलांचे श्रम यांवर संस्था अशी उभी केली की सरकार रुसले तरी चूल विझू नये. आमच्या संस्थांनी हा धडा गिरवावा.

कोणाकडे काय मागावयाचे याचा मात्र नीट विचार हवा. कर्नाटक सरकारच्या योजना बव्हंशी जातीच्या व उत्पन्नाच्या आधारावर आहेत, भाषेच्या नव्हे. २०२० च्या नोव्हेंबरात येडियुरप्पांनी मराठा विकास महामंडळाची घोषणा केली आणि ५० कोटींची तरतूद सांगितली, तेव्हा कन्नड संघटनांनी ५ डिसेंबरला राज्यव्यापी बंद पुकारला. गंमत अशी की ते महामंडळ मराठी भाषिकांसाठी नव्हतेच; ते मराठा समाजासाठी होते, आणि सरकारला तसा खुलासा करावा लागला. मराठी बोलणारा चर्मकार, ब्राह्मण, जैन वा मुसलमान त्यात कोठेच बसत नाही. तथापि व्यक्तिशः विद्यार्थ्यासाठी अनेक दारे उघडी आहेत. अनुसूचित जातींसाठी दहावीनंतरची शिष्यवृत्ती आहे, मागासवर्गीयांसाठी शुल्कमाफी आहे, वसतिगृहात जागा न मिळालेल्यासाठी "विद्यासिरी" आहे. अडचण आहे ती कागदांची. जातीचा व उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून काढावयाचा, त्यावरचा आर. डी. क्रमांक राज्याच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर भरावयाचा, आधार बँकेच्या खात्याशी जोडलेले असावयाचे. दाखल्यावरचे नाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचे नाव यांत एका अक्षराचा फरक पडला की अर्ज अडकतो. मराठी नावे कन्नडमधून इंग्रजीत जाताना ही अक्षरे किती सहज बदलतात, ते आमच्या वाचकांना सांगावयास नको.

दिल्लीकडे पाहावे तर तेथे आमच्यासाठी फारसे काहीच नाही, आणि याविषयी आमच्या पुढाऱ्यांनी पुरेसा आवाज उठविलेला नाही हे आम्ही स्पष्ट म्हणतो. अल्पसंख्याक म्हणून ज्या शिष्यवृत्त्या केंद्राने आखल्या त्या अधिसूचित सहा धार्मिक समाजांसाठी आखल्या. घटनेचा अनुच्छेद ३० धर्म आणि भाषा यांना एकाच पंक्तीत बसवितो. शिष्यवृत्तीचे पान वाढताना मात्र भाषा पंक्तीतून उठविली जाते. अनुच्छेद ३५० अ ने सांगितलेली मातृभाषेतील शिक्षणाची सोय प्राथमिक टप्प्यापुरतीच. अनुच्छेद ३५० ब अन्वये भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी आहे, पण त्याचे काम राष्ट्रपतींना अहवाल देण्याचे. त्याच्यापाशी वाटावयास पैसा नाही. भाषिक अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी दहावीनंतरची स्वतंत्र केंद्रीय शिष्यवृत्ती असावी, ही मागणी एकट्या बेळगावची नाही. ती केरळातील कासरगोडच्या कन्नडिगांचीही होऊ शकते. त्यांच्या खांद्याला खांदा लावून आम्ही ही मागणी करावी, असे आम्ही गंभीरपणे सुचवितो. त्यात कोणाला विनोद वाटल्यास वाटो.

राहिली मुंबई. २७ डिसेंबर २०२२ रोजी महाराष्ट्र विधिमंडळाने ८६५ गावांसंबंधीचा ठराव एकमताने केला, त्याबद्दल सीमाभाग कृतज्ञ आहे. राज्य मराठी विकास संस्थेच्या मार्फत सीमाभागातील मराठी संस्थांना अर्थसाहाय्य होते. महाराष्ट्रातील अभियांत्रिकी व वैद्यकीय प्रवेशांत विवादित सीमाभागातील मराठी विद्यार्थ्यांची वेगळी वर्गवारी आहे. सीमाभागातील रहिवासाचा एक आणि मातृभाषा मराठी असल्याचा दुसरा, असे दाखले त्यासाठी लागतात. पण खेड्यातील किती पालकांना ही वर्गवारी ठाऊक आहे? मुंबईने केवळ जागा राखून भागणार नाही. त्या जागेपर्यंत मुलगा चालत येईल अशी वाट करण्यासाठी, म्हणजे वर नमूद केलेल्या पूर्वतयारी वर्गांसाठी व निवासासाठी, ठराविक नमुन्याची, ठराविक तारखेची आणि दर वर्षी न चुकता येणारी अनुदान योजना तिने आखावी. भाषणातील आश्वासनाला आवक क्रमांक नसतो.

आता शेवटचे आणि सर्वांत अप्रिय. आमच्या किती संस्थांची तीन वर्षांची लेखापरीक्षित हिशेबपत्रके तयार आहेत? नोंदणीचे नूतनीकरण किती जणांनी केले आहे? केंद्राच्या अनुदानासाठी स्वयंसेवी संस्थांना "दर्पण" संकेतस्थळावर नोंद करावी लागते, ती किती जणांनी केली आहे? मिळालेले पैसे त्याच कामी खर्चिल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र वेळेवर गेले नाही तर पुढचा हप्ता येत नाही. तेव्हा मराठीद्वेषाचा आरोप करून भागत नाही. एका गावात दोन गट, दोन गटांच्या दोन समित्या आणि दोन्ही समित्यांचे खजिनदार एकमेकांशी बोलत नाहीत, अशा अवस्थेत कोणते सरकार पैसे देईल? आम्ही सरकारच्या जागी असतो तर दिले नसते.

अर्जात "आमच्या हजारो विद्यार्थ्यांवर घोर अन्याय होत आहे" असे लिहून चालत नाही. तेथे रकाना असतो आणि रकान्यात आकडा मागितलेला असतो. तो आकडा आमच्यापाशीच आहे. प्रत्येक मराठी माध्यमिक शाळेच्या जनरल रजिस्टरात दर वर्षी किती मुले-मुली दहावी झाली याची नोंद असते. त्यांपैकी पदवीपूर्व वर्गात किती गेली, पहिल्या वर्षाअखेर किती उरली, कोणत्या गावची मुलगी कोणत्या कारणाने थांबली, हे घरोघर जाऊन विचारावयास चार कार्यकर्ते आणि एक सुटी पुरे. मागील पाच वर्षांचे असे आकडे शाळावार हाती आले की एकच कागद बेंगळूर, मुंबई व दिल्ली या तिन्ही ठिकाणी चालेल, आणि पुढे न्यायालयात जाण्याची वेळ आली तर तेथेही.

येत्या दहावीच्या निकालापूर्वी बेळगाव, खानापूर आणि निपाणी येथे निदान एकेक अर्ज-केंद्र उघडावे. एक टेबल, एक संगणक, दाखल्यांच्या नमुना प्रती आणि आठवड्यातून तीन संध्याकाळी बसणारा माणूस, एवढ्यावर सुरुवात होते. त्या माणसाला कन्नड उत्तम लिहिता-वाचता आले पाहिजे. असे तरुण आपल्यांत पुष्कळ आहेत. नाडकचेरीच्या खिडकीशी त्यांनी कन्नडमध्ये चार वाक्ये बोलली म्हणून चळवळीतील कोणी त्यांना टोमणे मारू नयेत.