माझ्याच घरात गेस्ट

गेल्या दिवाळीत मुलगा बंगलोरहून आला तो एक पांढरी डबी घेऊन. काडेपेटीपेक्षा जरा मोठी. तिला एक लांब वायर आणि वायरच्या टोकाला कपड्याच्या चिमट्यासारखा एक चिमटा. "आई, ही मेन स्विचच्या डब्यात बसवायची. घरात कुठल्या क्षणी किती वीज जाते ते मोबाइलवर दिसतं."

मी म्हटलं, अरे, जिन्याखाली मीटर आहे की! तो हसला. मीटर महिन्याचा हिशोब देतो, हा मिनिटाचा देईल म्हणाला.

हिशोब म्हटला की मी फसते, हे त्याला लहानपणापासून ठाऊक आहे. चौतीस वर्षं साताऱ्यात शाळेत शिकवलं, भूगोल आणि अडीअडचणीला गणित. शिवाय बिलाचा प्रश्न होताच. एकटीचं घर, तरी युनिटं दर महिन्याला शंभराच्या वर जायची, आणि आपल्याकडे शंभरपर्यंतचा दर आणि त्यापुढचा दर यांत किती अंतर आहे ते बिल भरणाऱ्यांना सांगायला नको. ह्यांनी जन्मभर माझ्यामागून दिवे मालवले. मी एका खोलीतून दुसरीत गेले की मागे बटणाचा खटका ऐकू यायचा. ते गेल्यावर मीही तीच सवय लावून घेतली, तरी आकडा काही खाली येईना.

बसवायला वायरमन आला. पोरगा हुशार, पण घाईत. डबी बसली, मोबाइलवर चित्र आलं आणि आकडा... शून्य! फ्रिज चालू, पंखा चालू, गीझर लावून बघितला, तरी शून्य. वायरमन म्हणाला, पीस खराब आहे. मुलाने डब्यात डोकावून पाहिलं तेव्हा कळलं की त्याने फेज आणि न्यूट्रल दोन्ही वायरी एकाच चिमट्यात घातल्या होत्या. चिमटा वायरीला कापत नाही की टोचत नाही, वायरीतून जाणाऱ्या प्रवाहामुळे भोवती जे चुंबकत्व तयार होतं ते तो जोखतो. एका वायरीने जेवढा प्रवाह आत येतो तेवढाच दुसरीने परत जातो. अधिक पाच, उणे पाच, उत्तर शून्य. सातवीला मी हेच शिकवत होते की! चिमटा एकट्या फेजला लावला आणि आकडा उड्या मारू लागला. (घरी कोणी हे बसवणार असाल तर वायरमनकडूनच बसवा. तो मेनचा डबा आहे.)

पहिले पंधरा दिवस मी त्या आकड्याच्या नादी लागले होते हे कबूल करते. एकेक बटण बंद करून वहीत लिहायचा उद्योग केला. फ्रिजसकट सगळं बंद केलं तरी ४८ वॅट जातच होते! मग एकेक प्लग काढत गेले. सेट टॉप बॉक्स १०, वाय-फायचा डबा ७, पाण्याचा फिल्टर वगैरे मिळून ३. आणि उरलेले २८ कुठे, तर कॉटखालच्या इन्व्हर्टरमध्ये. २००६ साली भारनियमन जोरात होतं तेव्हा घेतलेला हा इन्व्हर्टर. बॅटरीत पाणी घालायचं काम ह्यांचं होतं, मी ते साफ विसरले होते. म्हातारी बॅटरी रात्रंदिवस वीज पीत होती आणि भरत मात्र नव्हती. ४८ वॅट म्हणजे दिवसाला सव्वा युनिटाच्या आतबाहेर, महिन्याला जवळपास पस्तीस युनिटं, आणि तीही कुणाच्याच उपयोगी न पडता.

आणि ज्या दिव्यांपायी आम्ही बेचाळीस वर्षं भांडलो, ते आताचे एलईडीचे दिवे नऊ वॅटचे! सलग एकशे अकरा तास जाळावा तेव्हा एक युनिट होतं. ह्यांच्या तरुणपणी साठ वॅटचा पिवळा दिवा होता, तो सोळा-सतरा तासांत युनिट खायचा, तेव्हा त्यांचं बरोबरच होतं. दिवे बदलले, धाक तसाच राहिला. उलट गीझर. पंधरा लिटर पाणी थंडीत अंघोळीजोगं तापवायला पाऊण युनिटाच्या आसपास जातं. म्हणजे एका अंघोळीत तो दिवा तीन दिवस जळेल. नवी बॅटरी घेतली, सेट टॉप बॉक्स भिंतीवरच्या बटणाने बंद करू लागले. ४८ चे २० झाले आणि बिल शंभराच्या आत आलं. तेव्हा यंत्र वाईट आहे असं मी म्हणणार नाही.

ज्यांना हजारो रुपये घालायचे नाहीत त्यांनी नुसता आपला मीटर बघावा. त्यावर एक लाल दिवा लुकलुकत असतो. आमच्या मीटरवर ३२०० असा आकडा छापला आहे, म्हणजे दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. घड्याळ लावून मोजा. मिनिटाला सोळा वेळा लुकलुकला तर तासाला ९६०, म्हणजे तीन दशांश युनिट, म्हणजे घरात ३०० वॅट चालू आहेत. फुकटचं गणित!

आता मुद्द्यावर येते.

जानेवारीत एका सकाळी मुलाचा फोन. "आई, काल रात्री तीनला काय करत होतीस?"

मी गांगरलेच. कॉपी करताना पकडलेल्या पोरासारखी.

"३ वाजून १२ मिनिटांनी बाराशे वॅट दाखवतंय. परवाही होतं. बरं वाटत नाहीये का?"

त्याचं असं आहे. हे गेल्यापासून मला तीनच्या सुमारास जाग येते. कूस बदलत पडून राहण्यापेक्षा मी उठते आणि इंडक्शनवर अर्धा कप चहा करते. (झोपेत गॅस पेटवू नकोस म्हणून हा इंडक्शन त्यानेच घेऊन दिलेला.) खिडकीशी बसून चहा पिते. कधी ह्यांच्याशी मनात चार शब्द बोलते, कधी काहीच नाही. मग पुन्हा झोप लागते. ही गोष्ट मी कोणालाच सांगितली नव्हती, सख्ख्या बहिणीलाही नाही. त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण सांगावंसं वाटलं नव्हतं, एवढंच. आणि ती तीन मिनिटं, सहा शतांश युनिट, रुपयाचीसुद्धा वीज नव्हे, पाचशे मैलांवर जाऊन पोचली.

दुपारी सूनबाईचा निरोप, रात्री चहा नको, दूध घ्या. संध्याकाळी अमेरिकेतल्या भाचीचा फोन, झोपताना पाय कोमट पाण्यात ठेव मावशी. (ती हे वाचेलच. बाळ, रागावू नकोस, तू प्रेमानेच सांगितलंस.) पण त्या रात्री मला जाग आली तेव्हा मी उठले नाही. अंधारात पडून राहिले. आपण उठलो की तिकडे रेघ वर जाईल, उद्या पुन्हा फोन येईल, हे डोक्यात. स्वतःच्या स्वयंपाकघरात चहा करायला मी घाबरले. तीन रात्री असं झालं. चौथ्या दिवशी मला राग आला.

मोबाइल हातात घेऊन नीट बघितलं तर लक्षात आलं, त्या ॲपमध्ये घराचा मालक म्हणून मुलाचं नाव आहे. खातं त्याच्या ईमेलने उघडलेलं. आणि माझ्या नावापुढे काय, तर 'गेस्ट'! या घराच्या कर्जाचे हप्ते मी माझ्या पगारातून फेडले आहेत हो.

वाचताना असं कळलं की ही भीती काही माझ्या एकटीच्या डोक्यातली नाही. अमेरिकेत एमआयटीमध्ये जॉर्ज हार्ट नावाच्या संशोधकाने १९८० च्या दशकात एक रीत शोधली. घरात न शिरता, नुसत्या विजेच्या चढउतारावरून आत कोणतं उपकरण कधी लागलं ते ओळखायची. आणि याच हार्टने १९८९ मध्ये लेख लिहून बजावलं की यातून घरातल्या माणसांवर पाळतही ठेवता येईल. स्वतःच्या शोधाबद्दल इतकं स्वच्छ बोलणारी माणसं कमी. नेदरलँड्समध्ये २००९ साली संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने स्मार्ट मीटर सक्तीचे करणारा कायदा याच खासगीपणाच्या मुद्द्यावर अडवला होता. पुढे ज्याला नको त्याला नकार देता येईल अशी सोय करून तो आला. जपानमध्ये तर २००१ पासून एका कंपनीची चहाच्या पाण्याची विजेची किटली मिळते, म्हाताऱ्या आईबापांनी ती वापरली की मुलांना संदेश जातो. पण तिथे निदान किटली घेतानाच सगळ्यांना माहीत असतं की ही किटली चहाडी करणार! माझ्या डबीने विजेचा हिशोब म्हणून घरात प्रवेश मिळवला आणि बसली माझ्या उशाशी.

मुलावर रागावताना मला आमच्या मावशी आठवल्या आणि माझा आवाज खाली आला. केरफरशी करायला येतात त्या. डिसेंबरात एकदा मी भजनाला गेले होते, तिथे बसून मोबाइल बघितला तर घरातला आकडा साठ-सत्तरने वर. घरी आल्याबरोबर मी विचारलं, "टीव्ही लावला होतात का?" त्या म्हणाल्या, "नाही हो बाई, फरशी वाळायला पंखा लावला होता." आमचा टीव्ही आणि आमचा जुना पंखा, दोघेही साठ-सत्तरच्या घरातले. आकडा कुठून कळणार! अकरा वर्षं घराची किल्ली त्यांच्याकडे आहे. मी माफी मागितली, त्यांनी हसून सोडून दिलं, पण त्यानंतर त्या कितीतरी दिवस पंखा न लावताच फरशी पुसत होत्या. म्हणजे मुलाने माझ्याबाबत केलं ते मी आधीच त्यांच्याबाबत करून बसले होते. तेही प्रेम नसताना.

मुलाची बाजूही सांगायला हवी. मागच्या पावसाळ्यात आमच्या समोरच्या आजी न्हाणीघरात पडल्या आणि सकाळपासून दुपारपर्यंत तशाच होत्या. त्याही एकट्याच राहतात. हे मीच त्याला सांगितलं होतं. तो म्हणाला, "आई, मी तुझ्यावर नजर ठेवत नाही. ती रेघ हलली की मला बरं वाटतं." यावर काय बोलायचं? मग एकदम माझ्या डोक्यात आलं. "अरे, पण तू हे केव्हा बघितलंस?"

"तेव्हाच."

"तीनला? तू जागा होतास?"

तो गप्प. मग म्हणाला, कंपनीत सध्या जरा कठीण चाललंय. त्या डबीने माझी जाग त्याला कळवली, त्याची मला कळवायची सोय तिच्यात नव्हती. तासभर बोललो आम्ही त्या दिवशी. नोकरीचं, हप्त्यांचं, नातवाच्या शाळेचं. ह्यांच्याबद्दलही, पहिल्यांदाच इतकं.

तर माझं मत असं. मोजावं, जरूर मोजावं. पण ज्याचं घर, खातं त्याच्या नावाचं असावं आणि दुसऱ्याला काय दिसेल ते त्याने ठरवावं. म्हातारं माणूस आहे, त्याला यातलं कळत नाही, म्हणून मुलांनी आपल्या ईमेलने परस्पर उघडून टाकायचं हे बरोबर नाही. आम्हाला कळायला वेळ लागतो, कळत नाही असं नाही. आणि मावशींसारखं जे माणूस घरात राबतं, त्यालाही डबी दाखवून सांगावं की हे इथे आहे. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग गीझर किती खातो ते बघून द्या की आमच्या घरचा."

मार्चमध्ये मुलगा आला तेव्हा खातं माझ्या नावावर करून घेतलं. आता मी मालक, तो गेस्ट. त्याला दिवसाची एकूण युनिटं दिसतात, तासांची रेघ दिसत नाही. त्याच्या बदल्यात रोज सकाळी सातला मी त्याला मिस्ड कॉल देते. साडेसातपर्यंत आला नाही तर त्याने शेजारी फोन करायचा, किल्ली त्यांच्याकडे आहे. तो दर रविवारी एकदा तरी म्हणतोच, "आई, निदान गीझरची वेळ तरी दिसू दे."

मी अजून विचार करते आहे. चहा चालू आहे.