सात दिवसांची सुट्टी आणि कोपऱ्यातले टेबल

कँटन, म्हणजे आजचे ग्वांगझू, हे शहर बावीसशे वर्षांहून जुने. एके काळी मुंबईचे पारशी व्यापारी कापूस आणि अफू घेऊन तिथे उतरत. त्यांच्यापैकी काहींच्या कबरी पर्ल नदीतल्या एका बेटावर आजही आहेत. या शहराची सकाळ सुरू होते ती 'यम चा'ने. अर्थ साधा आहे, चहा पिणे. त्यातला 'चा' आणि आपला 'चहा' एकाच मुळाचे. पण आपण टपरीवर उभ्याउभ्या दोन घोटांत मोकळे होतो, कँटनी माणूस मात्र किटली समोर ठेवून दोन-दोन तास बसतो. सोबतीला बांबूच्या टोपल्यांतून वाफवलेले छोटे पदार्थ येतात, तेच डिमसम. एक किटली आणि दोन टोपल्या एवढ्यावर निवृत्त माणसाची अख्खी सकाळ निघते.

ताओ ताओ जू १८८० सालचे, ग्वांगझू रेस्टॉरंट १९३५ सालचे. अशा जुन्या घरांसमोर १ ऑक्टोबरला जी गर्दी लोटते तिला रांग म्हणणे धाडसाचे ठरेल. चीन सरकारने १९९९ पासून राष्ट्रदिनाला सलग सात दिवसांची सुट्टी दिली. लोकांनी फिरावे, खर्च करावा, बाजार हलता राहावा हा हेतू. तो सफल झाला, जरा जास्तच झाला.

अशाच एका सुट्टीत मी तिथल्या एका नामांकित उपाहारगृहात गेलो होतो. नंबर मिळाला, अडीच तास प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसलो, आणि आत गेल्यावर कळले की टेबल नव्वद मिनिटांत सोडायचे आहे. चहा हवा असेल तर किटलीचे झाकण तिरके करून ठेवायचे, वाढपी येऊन गरम पाणी भरतो, अशी तिथली सुंदर मुकी भाषा आहे. आमचे झाकण तिरकेच राहिले. वाढप्याचा दोष नव्हता, बिचारा पळत होता.

माझी कुरकूर सोडून द्या, मी एका दिवसाचा पाहुणा. प्रश्न रोजच्या गिऱ्हाइकाचा आहे. माझ्यासोबतच्या दुभाष्या मुलीचे आजोबा वर्षानुवर्षे एकाच कोपऱ्यात बसत आले आहेत. सुट्टीच्या आठवड्यात ते घराबाहेर पडतच नाहीत. मोबाइलवरून नंबर लावणे त्यांना जमत नाही आणि घड्याळाकडे पाहत चहा पिणे पटत नाही. त्यांच्या कंपूतला एखादा लागोपाठ दोन दिवस दिसला नाही तर तिसऱ्या दिवशी कुणीतरी त्याच्या घरी जाते. त्या टेबलाचे काम हे असे आहे. सुट्टीत ते बंद पडते.

नुकसान ताटातही होते. 'हार गाव' म्हणजे कोळंबीची मोदकासारखी चुण्या घातलेली वाटोळी करंजी. गव्हाच्या सत्त्वात उकळते पाणी ओतून मळायचे, तेल लावलेल्या सुऱ्याच्या पात्याने गोळी दाबून पारी करायची, दहा-बारा चुण्या घालायच्या आणि वाफेवरून उतरताच खायची. दहा मिनिटे थांबलात तर पारी चिवट होते. उकडीचे मोदक करणाऱ्या घरांना हे वेगळे सांगायला नको. असा हात एका महिन्यात तयार होत नाही आणि गर्दीच्या दिवशी दहापट होत नाही. मग कारखान्यातला गोठवलेला माल वाफेवर चढतो आणि लांबून आलेला माणूस तोच अस्सल समजून खातो.

तरीही त्या गर्दीला नावे ठेवायला माझे मन घेत नाही. आईला आणि मुलाला घेऊन आलेला कारखान्यातला कामगार दुसरे कधी येणार? या सलग सुट्टीसाठी आगेमागे शनिवार-रविवार भरून द्यावे लागतात, हे आपल्याकडे कुणाला ठाऊक नसते. कायद्याने २००८ पासून नोकरीच्या वर्षांनुसार पाच, दहा किंवा पंधरा दिवसांची पगारी रजा आहे. पण ती साहेबाकडे मागायला अनेक जण धजत नाहीत. खरे दुखणे इथे आहे. रजा ज्याला हवी तेव्हा मिळाली तर हीच माणसे वर्षभर विखरून येतील, उपाहारगृहांचा धंदाही बुडणार नाही. तोवर मालकांनी निदान सकाळचा पहिला तास रोजच्या म्हाताऱ्यांसाठी ठेवावा आणि दारात कागदी चिठ्ठी देणारा एक माणूस बसवावा. याला खर्च तो काय?

आपल्याकडचे बरेच व्यापारी १९५७ पासून चाललेल्या कँटन फेअरला जातात. ती वसंतात आणि शरदात भरते, आणि तेव्हाही शहर गजबजलेले असते. केवळ चहासाठी जायचे असेल तर नोव्हेंबरचा मध्य गाठा, वार मंगळवार-बुधवार पाहा आणि सातच्या आत दारात पोहोचा.