स्क्रीन नीट करा, मग अर्ज भरा

पीकविमा किंवा शिष्यवृत्तीची मुदत जवळ आली की आमच्या गोरेगावात ऑनलाइन अर्ज भरणाऱ्या दुकानांपुढं गर्दी होते. मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो, त्यामुळं सेनगाव तालुक्यातल्या अशा दुकानांत माझं जाणं-येणं असतं. तिथं एक गोष्ट मला फार खटकते. पुसट, पसरट अक्षरांच्या स्क्रीनवर शेतकऱ्याचं नाव टाइप होतं. 'शिंदे'वरचा अनुस्वार दिसत नाही, वेलांटी पहिली की दुसरी कळत नाही. ‘काका, नाव बघून घ्या,’ असं सांगितलं जातं. काका डोळे बारीक करतात, आपलीच नजर अधू झाली असं समजून ‘बरोबर हाय’ म्हणतात. मग आधारवर एक नाव, अर्जात दुसरं, आणि हेलपाटे काकांच्याच वाट्याला.

दोष बहुतेकदा सेटिंगचा असतो. विंडोज नव्यानं टाकतात, ग्राफिक्सचा ड्रायव्हर टाकायचा राहून जातो. मॉनिटर १९२० × १०८०चा, पण चित्र १०२४ × ७६८चं. ते रुंद काचेवर ताणलं जातं आणि फोटोतला माणूस आडवा एक तृतीयांशानं फुगतो. सपाट मॉनिटरमधले ठिपके कारखान्यातच ठरलेले असतात. रिझोल्यूशन तेवढंच ठेवलं तरच अक्षर रेखीव उमटतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर’ दिसलं की समजावं, ड्रायव्हर नाही. तो कंपनीच्या साइटवरून घ्यावा आणि डिस्प्ले सेटिंगमध्ये ‘रेकमेंडेड’ लिहिलेला आकडा निवडावा. तरी तो आकडा यादीत आलाच नाही, तर केबल किंवा स्वस्तातला कन्व्हर्टर बदलून पाहावा.

काही जण अक्षर मोठं दिसावं म्हणून मुद्दाम रिझोल्यूशन उतरवतात. ज्येष्ठांची अडचण खरी आहे, पण त्यासाठी ‘स्केल’ १२५ किंवा १५० टक्के करावं. अक्षर मोठं होतं आणि स्वच्छही राहतं.

रिफ्रेश रेट म्हणजे चित्र सेकंदाला किती वेळा नव्यानं उमटतं तो आकडा. साध्या मॉनिटरला ६० हर्ट्झ पुरतं. झेपणार नाही असा आकडा निवडला तर स्क्रीन काळी होते, ‘आउट ऑफ रेंज’ असं येतं, आणि माणूस घाबरून बटणं दाबत सुटतो. काही दाबू नका. विंडोज १५ सेकंदांत जुनं सेटिंग परत आणते. शाळेतल्या मोठ्या फोर-के टीव्हीवर माउस रेंगाळत असेल तर जुन्या एचडीएमआयमुळं तो ३० हर्ट्झवर अडकलेला असू शकतो. १९२० × १०८० आणि ६० हर्ट्झ करून पाहा.

एवढ्यासाठी चांगला मॉनिटर ‘गेला’ म्हणून नवा गळ्यात मारला जातो, याची मला चीड येते. सोयाबीनच्या भावावर घर चालवणाऱ्या माणसाच्या खिशातून ते पैसे जातात.

एमएस-सीआयटीच्या वर्गात वर्ड-एक्सेल शिकवतात, त्याच तासाला हेही हातानं करून घ्यावं. सेवा केंद्रांची तपासणी होते तेव्हा दरपत्रकाचा फलक पाहतात. तसाच मॉनिटरही सुरू करून पाहावा, आणि दुसरी स्क्रीन अर्जदाराकडं तोंड करून असावी. अर्ज पाठवण्याआधी आपलं नाव स्वच्छ अक्षरांत वाचायला मिळणं हा सेवेचाच भाग आहे. त्यासाठी अर्जदाराला विनवणी करावी लागू नये.