पाच दिवसांचे युद्ध आणि तेलवाहिनीचे राजकारण

८ ऑगस्ट २००८ रोजी बीजिंगमध्ये ऑलिंपिकच्या उद्घाटनाचा सोहळा रंगला होता, त्याच वेळी कॉकेशस पर्वताच्या दक्षिण उतारावर रणगाडे धडधडत होते. जॉर्जियाच्या सैन्याने आदल्या मध्यरात्री दक्षिण ओसेशिया या फुटीर प्रांताची राजधानी त्स्खिनवालीवर तोफांचा भडिमार सुरू केला आणि काही तासांतच रशियाच्या ५८ व्या सेनेच्या तुकड्या रोकी बोगद्यातून खाली उतरल्या. पाचव्या दिवशी युद्ध थांबले. या युद्धाला पुढे अनेकांनी ‘तेलाचे युद्ध’ म्हटले. जॉर्जियातून कास्पियन समुद्राचे तेल भूमध्य समुद्राकडे वाहून नेणारी बाकू-तिबिलिसी-जेहान वाहिनी जात असल्यामुळे हे नाव सहज चिकटले. ते कितपत खरे, हे तपासून पाहण्याजोगे आहे. कारण त्या पाच दिवसांत जे शिकता आले असते ते युरोपने शिकले नाही आणि २०२२ मध्ये त्याची जबर किंमत मोजली.

दक्षिण ओसेशियाचे क्षेत्रफळ जेमतेम ३,९०० चौरस किलोमीटर. सोव्हिएत काळात ओसेशियन समाज दोन भागांत विभागला गेला. उत्तर ओसेशिया रशियात, तर दक्षिण ओसेशिया जॉर्जियात. त्या वेळी या रेषेला फारसा अर्थ नव्हता. दोन्हीकडे राज्य मॉस्कोचेच होते. सोव्हिएत संघ खिळखिळा होऊ लागला आणि नकाशावरची रेघ अचानक देशाची सीमा बनली. डिसेंबर १९९० मध्ये झ्वियाद गामसाखुर्दिया यांच्या नेतृत्वाखालील जॉर्जियाच्या विधिमंडळाने दक्षिण ओसेशियाची स्वायत्तता रद्द केली. त्यातून पेटलेला संघर्ष जून १९९२ च्या सोची करारापर्यंत चालला. करारानुसार रशियन, जॉर्जियन आणि ओसेशियन सैनिकांचे संयुक्त शांतिरक्षक दल नेमण्यात आले. जॉर्जियाच्या दृष्टीने ही चोराच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या देण्यासारखी गोष्ट होती. ओसेशियनांना मात्र रशियन सैनिक हीच जिवाची हमी वाटत होती. दोघांचेही म्हणणे त्यांच्या-त्यांच्या अनुभवाशी सुसंगत होते, ही या वादातील खरी अडचण आहे.

तरीही पुढची बारा वर्षे तेथे माणसे एकत्र नांदत होती, हे सहसा सांगितले जात नाही. त्स्खिनवालीलगत एर्गनेती नावाच्या गावी मोठा बाजार भरत असे. रोकी बोगद्यातून येणारे रशियन पेट्रोल, पीठ, सिगारेट असा माल तेथे विकला जाई; जकात कोणीच भरत नसे. तो तस्करीचाच बाजार होता, यात शंका नाही. परंतु जॉर्जियन आणि ओसेशियन व्यापारी तेथे रोज समोरासमोर बसत, उधारी-उसनवारी करीत. नोव्हेंबर २००३ च्या ‘गुलाब क्रांती’नंतर सत्तेवर आलेले मिखाइल साकाश्विली यांनी २००४ मध्ये हा बाजार बंद पाडला. महसूल बुडतो हे त्यांचे म्हणणे हिशेबाने बरोबर होते. राजकारणाच्या हिशेबात मात्र तो तोट्याचा व्यवहार ठरला. ओसेशियनांचा दक्षिणेकडे उरलेला अखेरचा धागा तुटला आणि त्यांचे तोंड पूर्णपणे बोगद्याकडे वळले. त्याच उन्हाळ्यात दोन्ही बाजूंत पुन्हा गोळीबार सुरू झाला.

जॉर्जिया स्वतः इंधनासाठी रशियाचा मिंधा होता. जानेवारी २००६ मध्ये, ऐन कडाक्याच्या थंडीत, रशियाच्या उत्तर ओसेशियात वायुवाहिन्यांवर स्फोट झाले आणि जॉर्जियाचा वायुपुरवठा बंद पडला. मॉस्कोने घातपात म्हटले. तिबिलिसीने मॉस्कोकडेच बोट दाखवले. त्याच सुमारास गाझप्रॉमने हजार घनमीटर वायूचा दर ६३ डॉलरवरून ११० वर नेला आणि वर्षभरात २३५ वर. जॉर्जियन वाइन व खनिज पाण्यावर रशियाने २००६ मध्येच बंदी घातली. जॉर्जियाने अझरबैजानच्या शाह देनिझ क्षेत्रातील वायूकडे मोर्चा वळवला आणि दोन-तीन वर्षांत रशियन वायूची गरज बरीच कमी केली. लहान देशाने केलेली ही धडाडीची कामगिरी होती. मात्र इंधनाच्या जोखडातून सुटल्यामुळे प्रदेशाच्या प्रश्नातही आपण मोकळे झालो, असा समज साकाश्विली यांचा झाला असावा, असे त्यांच्या पुढील वर्तनावरून वाटते.

वाहिनीचा वळसा

बाकू-तिबिलिसी-जेहान वाहिनीची लांबी १,७६८ किलोमीटर आहे. त्यांपैकी ४४३ किलोमीटर अझरबैजानात, २४९ जॉर्जियात आणि उरलेली १,०७६ तुर्कस्तानात. नकाशा पाहिला तर बाकूहून तुर्कस्तानला जाण्याचा जवळचा मार्ग आर्मेनियातून आहे. परंतु नागोर्नो-काराबाखच्या युद्धामुळे अझरबैजान आणि आर्मेनिया हाडवैरी झाले होते, तर इराणचा मार्ग अमेरिकेला मान्य नव्हता. रशियातून जायचे तर तेलाच्या तोटीवर मॉस्कोचा हात राहणार. म्हणून जॉर्जियाचा वळसा. याचा अर्थ असा, की एका फुटीर प्रदेशाचे युद्ध टाळण्यासाठी वाहिनी ज्या देशातून नेली, त्या देशात असे दोन फुटीर प्रदेश होते, दुसरा अब्खाझिया. नोव्हेंबर १९९९ मध्ये इस्तंबूल येथे करारावर सह्या झाल्या तेव्हा राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन जातीने हजर होते. सुमारे चार अब्ज डॉलर खर्चून बांधलेल्या या वाहिनीतून २००६ मध्ये भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर तेल पोहोचले. दिवसाला दहा लाख बॅरल ही तिची त्या वेळची क्षमता.

युद्धाच्या काळात रशियन विमानांनी या वाहिनीवर बॉम्ब टाकल्याचा आरोप जॉर्जियाने केला. वाहिनी चालवणाऱ्या बीपी कंपनीने नुकसान झाल्याचा इन्कार केला. गंमत अशी, की त्या दिवसांत वाहिनी बंदच होती! ५ ऑगस्ट रोजी, म्हणजे युद्धाच्या दोन दिवस आधी, तुर्कस्तानातील रेफाहिये येथे स्फोट होऊन आग लागली होती आणि त्याची जबाबदारी कुर्दिश बंडखोरांच्या पीकेके संघटनेने घेतली होती. पुढे १२ ऑगस्टला बीपीने खबरदारी म्हणून जॉर्जियाच्या काळ्या समुद्राकडे जाणारी छोटी बाकू-सुप्सा वाहिनीही बंद केली. १६ ऑगस्टला कास्पीजवळचा रेल्वेपूल उडवला गेला आणि रेल्वेने जाणारे तेलही अडले. अझरबैजानला काही तेल रशियाच्या नोव्होरोसिस्क बंदराकडे, तर काही इराणकडे वळवावे लागले. ज्यांना टाळण्यासाठी एवढा खटाटोप केला, संकटात त्यांच्याच दारात जावे लागले.

एवढे होऊनही तेलाचे भाव वाढले नाहीत. ११ जुलै २००८ रोजी बॅरलला १४७ डॉलरचा उच्चांक गाठलेले तेल युद्ध भडकले त्या दिवशी ११५ डॉलरच्या आसपास उतरले होते आणि वर्षाअखेरीस ४० च्याही खाली गेले. महागाईने आणि मंदीच्या चाहुलीने मागणीच आटली होती. युद्ध म्हणजे महाग तेल, हे आपल्याकडे गृहीत धरले जाणारे समीकरण त्या वर्षी लागू पडले नाही. तेव्हा रशियाने वाहिनीसाठी युद्ध केले, असे म्हणण्यास पुरावा अपुरा आहे. वाहिनी ताब्यात घेणे त्याला शक्य होते. त्याने ती घेतली नाही. तिच्या शेजारी आपला रणगाडा केव्हाही येऊन उभा राहू शकतो, हे दाखवणे त्याला पुरेसे होते. बाकू आणि अश्गाबाद येथील राज्यकर्त्यांनी तो संदेश नीट वाचला असणार.

दोन पाहुणे

परकीय हस्तक्षेप म्हटला की नजर रशियाकडे जाते आणि ती जायलाच हवी. २००२ पासून रशियाने दक्षिण ओसेशिया व अब्खाझियातील रहिवाशांना सरसकट रशियन पारपत्रे वाटली. पुढे ‘आपल्या नागरिकांच्या रक्षणासाठी’ सैन्य पाठवण्याची सबब त्यातूनच तयार झाली. परंतु दुसरा पाहुणाही घरात होताच. २००२ पासून अमेरिकेचे लष्करी प्रशिक्षक जॉर्जियात काम करीत होते. २००८ मध्ये जॉर्जियाचे सुमारे दोन हजार सैनिक इराकमध्ये अमेरिकेच्या बाजूने तैनात होते आणि युद्ध सुरू होताच अमेरिकेच्याच विमानांनी ते परत आणावे लागले. फेब्रुवारी २००८ मध्ये कोसोवोने स्वातंत्र्य जाहीर केले आणि बड्या पाश्चात्त्य देशांनी मान्यता दिली. एप्रिलमध्ये बुखारेस्टच्या शिखर परिषदेत युक्रेन आणि जॉर्जिया ‘नाटो’चे सदस्य होतील असे जाहीर झाले, कधी, ते मात्र सांगितले नाही. जर्मनी आणि फ्रान्स यांचा विरोध होता, म्हणून हा मधला मार्ग. संरक्षण न देता शत्रूला चिथावणारे यापेक्षा वाईट आश्वासन शोधून सापडणार नाही.

युरोपीय महासंघाने हायदी टाग्लियाविनी यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या चौकशी समितीचा अहवाल सप्टेंबर २००९ मध्ये आला. त्स्खिनवालीवरील तोफमारा हा आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार असमर्थनीय होता, असा स्पष्ट निष्कर्ष समितीने काढला. त्याचबरोबर रशियाच्या प्रतिकाराने वाजवी मर्यादा ओलांडल्याचेही नोंदवले. सुमारे ८५० माणसे मारली गेली आणि लाखाहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली. त्स्खिनवालीभोवतालची एरेदवी, कुर्ता, आचाबेती ही जॉर्जियन गावे युद्ध थांबल्यानंतर जाळण्यात आली. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये युद्धविरामानंतरच्या अत्याचारांसाठी रशियाला जबाबदार धरले. तोवर तेरा वर्षे उलटत आली होती.

फ्रान्सचे अध्यक्ष निकोला सार्कोझी यांनी घडवलेल्या युद्धविरामात सैन्य मूळ जागी परत नेण्याचे कलम होते. रशियाने ते पाळले तर नाहीच, उलट २६ ऑगस्ट रोजी दोन्ही प्रदेशांना स्वतंत्र राष्ट्रे म्हणून मान्यता दिली. १ सप्टेंबरला युरोपीय महासंघाने रशियाशी भागीदारीची बोलणी स्थगित केली. नोव्हेंबरमध्ये ती पुन्हा सुरू करण्याचे ठरले. अवघ्या अडीच महिन्यांत राग निवळला, त्याचे कारण युरोपच्या चुलीत होते. महासंघाच्या वायूच्या आयातीपैकी सुमारे ४० टक्के वायू रशियातून येत होता. जानेवारी २००९ मध्ये युक्रेनशी झालेल्या भांडणात रशियाने हा पुरवठा दोन आठवडे तोडला. बल्गेरिया, स्लोव्हाकियातील घरे गारठली. यानंतर जर्मनीने काय करावे? बाल्टिक समुद्राच्या तळातून थेट रशियाशी जोडणारी ‘नॉर्ड स्ट्रीम’ वाहिनी नोव्हेंबर २०११ मध्ये सुरू केली. रशियाला वगळून आखलेली ‘नाबुको’ योजना २०१३ मध्ये गुंडाळली गेली. २०२१ पर्यंत जर्मनीच्या वायूच्या आयातीतील रशियाचा वाटा निम्म्याहून अधिक झाला होता.

२१ फेब्रुवारी २०२२ रोजी व्लादिमिर पुतिन यांनी युक्रेनमधील दोनेत्स्क व लुहान्स्कला मान्यता दिली आणि तीन दिवसांनी आक्रमण केले. पारपत्रे वाटणे, फुटीर प्रदेशाला मान्यता, मग ‘रक्षण’. सारी हत्यारे कॉकेशसमध्ये वापरून झालेलीच होती. फक्त क्रम थोडा बदलला. युरोप मग धावतपळत बाकूला गेला. जुलै २०२२ मध्ये अझरबैजानकडून घ्यावयाचा वायू २०२७ पर्यंत दुप्पट करण्याचा समझोता झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये अझरबैजानने नागोर्नो-काराबाखवर लष्करी कारवाई केली आणि एक लाखाहून अधिक आर्मेनियन काही दिवसांत परागंदा झाले, तेव्हा युरोपीय महासंघाने निषेध केला. निर्बंध लादले नाहीत. पुरवठादार बदलला, मिंधेपणाचा स्वभाव तोच राहिला.

भारताचा या साऱ्याशी संबंध वाटतो त्याहून जवळचा आहे. ओएनजीसी विदेश या सरकारी कंपनीने २०१३ मध्ये सुमारे एक अब्ज डॉलर मोजून अझरबैजानच्या तेलक्षेत्रात २.७२ टक्के आणि बाकू-तिबिलिसी-जेहान वाहिनीत २.३६ टक्के हिस्सा घेतला. याच कंपनीने रशियाच्या सखालिन-१ प्रकल्पातही २००१ मध्ये २० टक्के हिस्सा घेतला होता. भारताने कोसोवोला मान्यता दिली नाही, दक्षिण ओसेशिया व अब्खाझियालाही नाही. आपल्या सीमावर्ती राज्यांचा इतिहास पाहता यापेक्षा वेगळी भूमिका शक्यही नव्हती. तेलाच्या बाबतीत मात्र आपली गरज आपल्याला बोलकी होऊ देत नाही. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल बाहेरून येते. २०२२ पूर्वी त्यात रशियाचा वाटा दोन टक्क्यांच्या आत होता. २०२३-२४ मध्ये तो एक-तृतीयांशाच्या पुढे गेला. स्वस्त तेल घेतले यात गैर काही नाही. परंतु ऑगस्ट २०२५ मध्ये याच तेलाचे निमित्त करून अमेरिकेने भारतीय मालावर २५ टक्के अतिरिक्त शुल्क लादले, तेव्हा या स्वस्ताईचा दुसरा हिशेबही पुढे आला. तो भरण्याची वेळ कापड आणि कोळंबीच्या निर्यातदारांवर आली, तेल शुद्ध करणाऱ्या कंपन्यांवर नव्हे.

जॉर्जियात दरम्यान बरेच पाणी वाहून गेले आहे. २०१२ मध्ये साकाश्विली यांचा पक्ष निवडणूक हरला. देशाबाहेर गेलेले साकाश्विली ऑक्टोबर २०२१ मध्ये परतले आणि थेट तुरुंगात गेले. सत्ताधारी ‘जॉर्जियन ड्रीम’ पक्षाचे सर्वेसर्वा बिद्झिना इवानिश्विली यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये २००८ बद्दल ओसेशियनांची क्षमा मागण्याची भाषा केली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरकारने युरोपीय महासंघाच्या प्रवेशाची बोलणी २०२८ च्या अखेरीपर्यंत लांबणीवर टाकली आणि तिबिलिसीचे रस्ते निदर्शकांनी भरून गेले. रशियाशी राजनैतिक संबंध नाहीत, पण रशियन पेट्रोल-डिझेलची आयात २०२२ नंतर वाढली.

सीमेवर रशियन सैनिक काटेरी तारा रोवत राहिले. खुरवालेती गावात एका वृद्ध शेतकऱ्याचे घर तारेच्या पलीकडे गेले आणि उरलेले गाव अलीकडे राहिले. जुलै २०१५ मध्ये सीमेच्या पाट्या आणखी पुढे सरकवण्यात आल्या, तेव्हा बाकू-सुप्सा वाहिनीचा सुमारे दीड किलोमीटरचा भाग पाट्यांच्या मागे गेला. युरोपीय महासंघाचे सुमारे २०० निरीक्षक ऑक्टोबर २००८ पासून या रेषेवर गस्त घालतात. दोन्ही बाजूंना जाण्याचा अधिकार त्यांच्या नेमणुकीत लिहिलेला आहे. दक्षिण ओसेशियात मात्र त्यांना प्रवेश मिळालेला नाही.