आलेखाच्या कागदावर संगणकशास्त्र

"मुलाला पुढे संगणकात जायचे आहे, मग मराठी शाळेत ठेवून कसे चालेल?" प्रवेशाच्या दिवसांत काही पालक आम्हांला हा प्रश्न विचारतात. काळजी रास्त आहे. उत्तरादाखल एक उदाहरण देतो.

भरपूर नमुने दाखवून संगणकाला निवड करायला शिकवणे म्हणजे 'मशीन लर्निंग'. त्यातील एक नावाजलेली पद्धत 'सपोर्ट व्हेक्टर मशीन'. नावात यंत्र असले तरी ही गणिताची रीत आहे. आलेखाच्या कागदावर एकीकडे लाल, दुसरीकडे निळे ठिपके काढा. त्यांना वेगळे करणाऱ्या रेषा अनेक निघतील. दोन्हीकडच्या सर्वांत जवळच्या ठिपक्यांपासून जास्तीत जास्त अंतर राखणारी रेषा निवडायची. तिची जागा ठरवणारे हे सीमेवरचे ठिपके म्हणजे 'सपोर्ट व्हेक्टर', अर्थात आधार-सदिश.

सरळ रेषेने काम भागत नसेल तर? संख्यारेषेवर उणे १, ० व १ लाल आणि उणे ३ व ३ निळे माना. एका छेदाने ते वेगळे होत नाहीत. आता प्रत्येक संख्येचा वर्ग करा. लाल ० व १ वर आले, निळे ९ वर. मध्ये ५ वर छेद घ्या, गट वेगळे झाले!

या रीतीचा पाया १९६०च्या दशकात मॉस्कोत व्लादिमीर वाप्निक व अलेक्सेई चेर्वोनेन्किस यांनी घातला. वरच्यासारखी युक्ती तिला १९९२ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जोडली गेली. हस्ताक्षरातील अंक ओळखणे, बातम्यांची विषयवार विभागणी, जनुकांच्या नोंदींवरून कर्करोगाचे संशोधन अशा कामांत ती वापरली गेली. आज मोठी कामे इतर पद्धतींकडे गेली असली, तरी नमुने थोडे असतील तेथे ती उपयोगी पडते.

रेषा, बिंदू, अंतर, वर्ग, सदिश. यांतला कोणता शब्द आपल्या भाषेत नाही? पुढची पुस्तके इंग्रजीत आहेत, म्हणून इंग्रजी पक्के हवेच. पण कल्पना आधी समजावी लागते, आणि ती आपल्या भाषेत लवकर समजते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

विश्वस्तांना विनंती, की नव्या संगणकांबरोबर आठवी-नववीला आठवड्यातून एक तास आलेखाच्या गणिताला द्यावा. आणि विद्यार्थी मित्रांनो, वरचे उदाहरण आज घरी वहीत सोडवा व आई-वडिलांना समजावून सांगा. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर तुम्हीच द्याल.